उजेड, पाणी आणि हायड्रोजन

भिलाईच्या पोलाद कारखान्याची वसाहत लोहमार्गाच्या एका अंगाला, तर दुर्ग-रायपूर हमरस्त्यावर वाढलेले सुपेला दुसऱ्या अंगाला आहे. या सुपेल्यातील छत्तीसगढी घरांतून श्रावणात भोजली पेरली जाते. टोपलीत माती घालून तीत गहू टाकतात, नित्य पाणी शिंपडतात आणि टोपली घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात जपून ठेवतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती गात गात तळ्यावर नेऊन विसर्जित करावयाची असते. तोवर अंकुर चांगले वाढलेले असतात. पण त्यांचा रंग हिरवा नसतो, कोवळा पिवळा असतो. मराठी कुटुंबांना हा रंग अपरिचित नाही. नवरात्रात देवघराच्या मंद उजेडात घटाभोवती जे धान्य उगवते, तेही असेच पिवळसर असते. आणि मराठी कुटुंबे या भागात परकी नाहीत. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत होता. पुढे पोलादाच्या कारखान्यानेही कितीतरी मराठी माणसे येथे आणली.

ही पिवळी भोजली उघड्यावर, उजेडात आणून ठेवली, तर काही तासांत ती हिरवी होऊ लागते. उजेडाने रंग येतो, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पण त्या अंकुरात नेमके काय घडते, हे पाहू गेले तर मोठा रंजक प्रकार दृष्टीस पडतो. अंधारात वाढलेल्या अंकुरात हरितद्रव्य जवळजवळ तयार झालेले असते. अखेरच्या काही पायऱ्या तेवढ्या राहिलेल्या असतात. प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचा जो रेणू तेथे थांबून राहिलेला असतो, त्यातील एका दुहेरी बंधावर हायड्रोजनाचे दोन अणू बसावे लागतात. एक अणू पेशीतील हायड्रोजनवाहक रेणूकडून येतो, दुसरा भोवतालच्या माध्यमातून येतो. परंतु प्रकाशाचा किरण पडल्यावाचून हा व्यवहार होत नाही. उजेड पडला की दोन अणू जागेवर बसतात आणि हिरवा रंग फुटू लागतो. सेंद्रिय रेणूच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन बसविणे, या क्रियेला रसायनशास्त्रात हायड्रोजनीकरण म्हणतात. जे काम कोवळा अंकुर टोपलीत करतो, तेच काम कारखान्यांतून शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. फरक इतकाच, की अंकुराला ते श्रावणातल्या हवेत साधते. कारखान्याला मात्र त्यासाठी आग, दाब आणि धातू लागतात.

कारखान्यातील ही विद्या फ्रान्समध्ये जन्माला आली. १८९७ साली तुलूझ येथे पॉल साबातिए आणि त्यांचे सहकारी साँदरां यांनी निकेलच्या बारीक भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन हे वायू एकत्र जाऊ दिले, तेव्हा हायड्रोजन एथिलीनला जाऊन मिळाला. निकेल स्वतः खर्ची पडले नाही. त्याने केवळ मध्यस्थी केली. अशा मध्यस्थ पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. या कामासाठी साबातिए यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९०२ मध्ये विल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनज्ञाने पातळ तेलावर हीच क्रिया करून घट्ट चरबी बनविण्याचे एकस्व घेतले होते. मुंबईत शिवडी येथे १९३२ पासून या रीतीने वनस्पती तूप तयार होऊ लागले, आणि लवकरच त्याचा डबा खेड्यापाड्यांतील वाण्याच्या दुकानापर्यंत पोचला. तेलात हायड्रोजन सोडावयाचा, निकेलची भुकटी मिसळावयाची, दीडशे ते दोनशे अंश सेल्सियस उष्णता द्यावयाची आणि वायूचा दाब राखावयाचा, असा हा उद्योग होता.

पण वनस्पती तूप हे या विद्येचे केवळ एक फळ. बेंझिनावर हायड्रोजन चढविला की सायक्लोहेक्झेन मिळते आणि त्यापासून नायलॉनचा धागा निघतो. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल बनते. नायट्रोबेंझिनापासून ॲनिलिन बनते, आणि ॲनिलिनावर रंगांचा व औषधांचा केवढा तरी पसारा उभा आहे. हायड्रोजन वायू स्वस्त होण्यापूर्वी ॲनिलिन करावयाचे तर लोखंडाचा चुरा वापरीत. १८५४ साली बेशां यांनी ही रीत शोधून काढली. तीत माल थोडा आणि गंजलेल्या लोखंडाचा गाळ भारंभार, अशी अवस्था असे. त्या मानाने हायड्रोजन वायू स्वच्छ. तो रेणूत जाऊन बसतो आणि मागे गाळ ठेवीत नाही. म्हणून हायड्रोजनीकरण ही रसायन-उद्योगातील निर्मळ क्रियांपैकी एक मानली गेली.

हा निर्मळपणा मात्र कारखान्याच्या कुंपणापुरताच असतो. आत येणारा हायड्रोजन कोठून आला, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. पृथ्वीवर मोकळा हायड्रोजन फार थोडा. तो कशातून तरी ओढून काढावा लागतो. आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूतून आणि कोळशातून काढला जातो. नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया करून एक किलो हायड्रोजन मिळवावा, तर नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०२३ साली जगात सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला गेला. त्यात कमी उत्सर्जनाच्या मार्गाने केलेला हायड्रोजन शेकडा एकाहूनही कमी होता. शिवाय हा वायू हाताळण्यास अवघड. हवेत तो शेकडा चारपासून पंचाहत्तरपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्याला दाबाखाली साठविणे व वाहून नेणे हे जोखमीचे आणि खर्चाचे काम आहे.

सुपेल्यातील माणसाला या गोष्टीचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीला कोक लागतो, आणि कोक करण्यासाठी दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवावा लागतो. त्या वेळी जो वायू बाहेर पडतो, त्यात घनफळाच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक हायड्रोजनच असतो. त्याच्या जोडीला मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्याच कोळशातून डांबर, नॅफ्थॅलीन आणि बेंझिन हीही निघतात. म्हणजे ज्यावर हायड्रोजन चढवावयाचा ते सेंद्रिय पदार्थ आणि चढवावयाचा तो हायड्रोजन, दोन्ही एकाच भट्टीच्या पोटातून बाहेर येतात. वायू बहुतेक करून इंधन म्हणून जाळला जातो. या आगीवर एक सबंध शहर वसले, सहस्रावधी कुटुंबांची चूल पेटली, सुपेल्याचा बाजार भरला. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कोळशाचे दिवस मोजके आहेत, हे ज्या पिढीला कळले आहे, तिला पुढचा विचार करणे भाग आहे.

पुढचा विचार म्हणजे पाणी. पाण्याच्या दर नऊ किलोंत एक किलो हायड्रोजन असतो. इतका मुबलक साठा हाताशी असता माणूस कोळशामागे का लागला, याचे कारण पाण्याच्या रेणूची घट्ट वीण. त्यातील हायड्रोजनाचा एक अणू उपटावयाचा तर मोलमागे सुमारे ११९ किलोकॅलरी ऊर्जा मोजावी लागते. उजेडाच्या साहाय्याने ही वीण उसवता येईल, याचा ठळक पुरावा १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी पुढे ठेवला. पांढऱ्या रंगाच्या कारखान्यात वापरतात तेच टिटॅनियम डायऑक्साइड त्यांनी स्फटिकरूपात पाण्यात ठेवले, तारेने प्लॅटिनमला जोडले आणि त्यावर प्रकाश पाडला. एकीकडे प्राणवायू, दुसरीकडे हायड्रोजन, असे पाण्याचे दोन भाग झाले. उणीव एकच होती. हा पदार्थ केवळ अतिनील किरण शोषतो, आणि पृथ्वीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास आहे. बाकीचे ऊन त्याच्या दृष्टीने वायाच जाते.

तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात काम करील असा पदार्थ हुडकणे ओघानेच आले. या शोधात पुण्याचाही वाटा आहे. तेथील इलेक्ट्रॉनिक द्रव्यांच्या केंद्रात, म्हणजे सी-मेट या संस्थेत, भारत काळे यांनी कोरियातील सहकाऱ्यांसह कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांचे एक संयुग तयार केले. त्याविषयीचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण झेंडूच्या फुलांसारखे दिसले, म्हणून निबंधाच्या शीर्षकातच झेंडूचे नाव आले. दृश्य प्रकाशात या कणांनी हायड्रोजन सल्फाइड वायूतून हायड्रोजन मोकळा केला. पाणी सोडून हा दुर्गंधी, विषारी वायू का घेतला, याला कारण आहे. पाणी फोडण्यास मोलमागे किमान २३७ किलोजूल लागतात, तर हायड्रोजन सल्फाइड फोडण्यास सुमारे ३३. शिवाय तेलशुद्धीच्या कारखान्यांत तो निरुपयोगी म्हणून पडलेलाच असतो, आणि मागे उरणाऱ्या गंधकाला बाजारात किंमत असते.

येथे या सबंध विषयाची गुरुकिल्ली हाती लागते. हायड्रोजन कधी एकटा नसतो; तो कोणाचा तरी जोडीदार असतो. त्याला नेले की मागे राहिलेल्या जोडीदाराची सोय लावावीच लागते. हायड्रोजन सल्फाइडातून तो नेला तर गंधक उरते. पाण्यातून नेला तर प्राणवायू उरतो. हा उरलेला जोडीदार कोठे जातो, यावर त्या रीतीचा हिरवेपणा खरा की नावापुरता, हे ठरते.

प्रकाशाने हायड्रोजन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पाठविणे, ही कल्पना तशी जुनी आहे. इटलीतील जाकोमो चामिचान यांनी १८८६ साली क्विनोन हा पदार्थ अल्कोहोलात विरघळवून उन्हात ठेवला. क्विनोनाला हायड्रोजन मिळाला आणि अल्कोहोलाचे ॲसिटाल्डिहाइड झाले. पुढे बोलोन्यातील प्रयोगशाळेच्या उघड्या सज्जावर काचपात्रे मांडून त्यांनी असे अनेक प्रयोग केले. १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात त्यांनी, कोळसा संपण्याची वाट न पाहता उन्हावर चालणारा रसायन-उद्योग उभारावा, अशी मांडणी केली. ओसाड, उन्हाळी प्रदेशांत काचेच्या नळ्यांतून धुराविना रसायने तयार व्हावीत, हे त्यांचे स्वप्न होते. पण त्यांच्या प्रयोगातही हिशेब होताच: हायड्रोजन अल्कोहोलाने दिला, आणि देऊन ते स्वतः पालटले. आजही प्रकाशाच्या पुष्कळ प्रयोगांत एखादे अमाइन किंवा अल्कोहोल असे बळी दिले जाते. निबंधाच्या मथळ्यात प्रकाश झळकतो. बळी गेलेला पदार्थ प्रयोगाच्या तपशिलात शोधावा लागतो.

अलीकडची एक महत्त्वाची पायरी २०२३ साली जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात चढली गेली. आर्मिदो स्टुडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी आणि फॉस्फीन वर्गातील एक संयुग एकत्र घेतले, प्रकाश शोषणारा उत्प्रेरक मिसळला आणि दिव्याचा जवळ-अतिनील प्रकाश सोडला. प्रकाशाने फॉस्फीनमधून एक इलेक्ट्रॉन निघतो. मग ते पाण्याच्या रेणूला धरते, आणि त्या धरण्याने पाण्यातील हायड्रोजनाची घट्ट वीण कमालीची सैल होते. सैल झालेला हायड्रोजन वायुरूपात बाहेर पडत नाही; तो सरळ जवळच्या सेंद्रिय रेणूच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतो. निकेल नाही, पॅलेडियम नाही, वायूची टाकी नाही, दाब नाही. क्विनोलिनसारखी हट्टी संयुगेही या रीतीने हायड्रोजन स्वीकारतात. हायड्रोजन वायू आधी करावा, साठवावा आणि मग वापरावा, ही मधली सारी यातायात येथे टळते. विद्वत्तेच्या दृष्टीने हा थोर प्रयोग आहे.

तरी जोडीदाराचा प्रश्न विचारावयाचाच. पाण्यातील ऑक्सिजन येथे फॉस्फीनच्या माथी बसतो आणि त्याचे फॉस्फीन ऑक्साइड होते. साधे ट्रायफेनिल फॉस्फीन धरून हिशेब मांडला, तर एक किलो हायड्रोजनासाठी सुमारे १३० किलो फॉस्फीन खर्ची पडते आणि सुमारे १३८ किलो ऑक्साइड उरते. या ऑक्साइडाचे पुन्हा फॉस्फीन करता येते, पण त्यासाठी दुसरी रसायने आणि ऊर्जा लागते. औषधाचा मौल्यवान रेणू काही किलो करावयाचा असेल तर हा सौदा परवडेल; टनावारी माल करावयाचा असेल तर बेशां यांच्या लोखंडी गाळाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. प्रयोगाचा दोष म्हणून हे सांगावयाचे नाही. पाण्याची वीण सैल करता येते, हे त्याने सिद्ध केले. फॉस्फीनच्या जागी फुकट न जाणारा मध्यस्थ शोधणे हे पुढचे काम.

त्या पुढच्या कामाची एक दिशा कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात दिसली. पॅलेडियम या धातूला हायड्रोजन पिण्याची सवय आहे. स्वतःच्या घनफळाच्या कित्येक शेपट हायड्रोजन तो पोटात घेतो. तेथील कर्टिस बर्लिंगेट यांच्या गटाने पॅलेडियमचा पातळ पत्रा दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखा लावला. एका कप्प्यात विजेने मोकळा केलेला हायड्रोजन अणुरूपात पत्र्यात शिरतो आणि पलीकडच्या कप्प्यातील सेंद्रिय रेणूंना जाऊन मिळतो. २०१८ साली त्यांनी याच्या जोडीला विजेच्या दुसऱ्या टोकाशी एका अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण करून उपयुक्त माल मिळविला. म्हणजे दोन्ही हातांनी काम. एकाही टोकाची मेहनत वाया नाही. ही वीज सूर्यपटांवरून घेतली, तर उजेडाने चालणारे हायड्रोजनीकरण आडवळणाने साधतेच.

हिरव्या पानाचा हिशेब मात्र या सर्वांहून चोख आहे. १९४१ साली सॅम्युएल रूबेन आणि मार्टिन केमन यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवून दिले, की पान जो प्राणवायू सोडते तो पाण्यातून आलेला असतो. पाण्यातील हायड्रोजन कर्बाकडे जातो, साखर होते. उरलेला जोडीदार हवेत जातो आणि प्राणिमात्राच्या श्वासाला लागतो. कोणीही बळी जात नाही. या बरोबरीला माणसाचे रसायन अद्याप आलेले नाही. वेग, टिकाऊपणा आणि खर्च या तिन्हींत पुष्कळ मजल बाकी आहे.

मग भिलाईने यातून काय घ्यावे? उजेडाच्या रसायनाने झोतभट्टी चालणार नाही, हे स्पष्ट आहे. लोहखनिजातून लाखो टन लोखंड काढणे आणि काचपात्रात काही ग्रॅम औषध बनविणे, या गोष्टींत महदंतर आहे. परंतु बेंझिन आणि नॅफ्थॅलीन यांपासून पुढची मौल्यवान रसायने करण्याचे उद्योग मध्यम आकाराचे असतात. तेथे ही विद्या आधी रुजू शकेल. दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाटा येथे भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे आवार आता उभे आहे. ही संस्था २०१६ साली सुरू झाली. कोकभट्टीत घाम गाळलेल्या कामगारांची नातवंडे तेथे रसायनशास्त्र शिकू शकतात. भारत सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठेवली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठरविले. रासायनिक हिशेबाने एवढ्यासाठी निदान साडेचार कोटी टन शुद्ध पाणी लागेल. आकडा देशाच्या मानाने मोठा नाही. पण पाणी देशाच्या सरासरीतून येत नसते, ते एखाद्या विशिष्ट तळ्यातूनच येते. तांदुला जलाशयाचे पाणी भिलाईच्या कारखान्याला मिळते आणि भाताच्या शेतांनाही मिळते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी या दोन तहानांमध्ये निवाडा करणे किती कठीण, हे त्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणून 'हिरवे' हे विशेषण ऐकले की तीन प्रश्न विचारण्याची सवय लागावी. उजेड कोणाचा? तो उन्हाचा असेल तर उत्तम. कोळशावरच्या विजेने पेटविलेल्या दिव्याचा असेल, तर धूर नाहीसा झालेला नसतो, केवळ वीजघराच्या धुराड्याकडे सरकलेला असतो. पाणी कोणाचे? आणि हायड्रोजन काढून घेतल्यावर जो जोडीदार उरला, तो कोठे गेला? वनस्पती तुपाच्या वेळी असे प्रश्न विचारण्यास पुष्कळ उशीर झाला. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही दुहेरी बंधांची मांडणी पालटते आणि त्यांपासून बनलेली ट्रान्स चरबी हृदयाला घातक ठरते, हे पक्के होण्यास कित्येक दशके गेली. अखेर १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांत तिचे प्रमाण शेकडा दोनवर आणण्याचा नियम अमलात आला. तोवर पिढ्यान्‌पिढ्यांनी ते तूप खाल्लेले होते.

विज्ञानाचे आश्वासन जितके मोठे, तितका त्याचा जमाखर्च बारकाईने मांडला पाहिजे; त्याने विज्ञानाची मानहानी होत नाही, उलट त्याला योग्य वाट मिळते. पाण्यातून आणि उजेडातून रसायन घडविण्याची वाट खरी आहे, कारण सृष्टी त्या वाटेने कोट्यवधी वर्षे चालत आली आहे. माणसाला तीवर पहिली काही पावले टाकता आली आहेत. पुढची पावले जी पिढी टाकील, तिने घेतलेल्या हायड्रोजनाइतकीच मागे उरलेल्या प्राणवायूचीही नोंद ठेवावी, म्हणजे मागाहून कोणाला तिचा हिशेब तपासावा लागणार नाही.